आधी आभाळ बघा, मग ढाबळीचं दार उघडा

गिरेबाज पाळायला घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न दाण्याचा असतो, दुसरा जोड्या लावण्याचा. थंडी सुरू झाली की तिसरा येतो: किती वाजता सोडू म्हणजे ससाणा येणार नाही? याला एका वाक्यात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कोणी पहाटेची वेळ सांगतो, कोणी भर दुपारची, कोणी दिवेलागणीच्या आधीची. तिघंही आपापल्या गच्चीपुरतं खरंच सांगत असतात. एकाच्या आभाळात मोरघार असते, दुसऱ्याच्या बहिरी ससाणा आणि तिसऱ्याच्या शेजारच्या कडुनिंबात शिक्रा बसलेला असतो. प्रत्येकाची शिकारीची तऱ्हा वेगळी, त्यामुळे धोक्याची वेळही वेगळी. दुसऱ्याचं घड्याळ उसनं घेऊन चालत नाही. आपल्या डोक्यावर कोण राहतं हे आधी ओळखायचं, मग वेळ ठरवायची. आणि काही महिने असे असतात, की त्यांत कोणतीच वेळ बरोबर नसते. तेव्हा दार बंद ठेवण्याची तयारी हवी. ती तयारी नसेल तर पुढचं सगळं वाचून फारसा उपयोग नाही.

गिरेबाजाला धोका इतर कबुतरांपेक्षा जास्त, हे आधी नीट समजून घ्या. हुमर सरळ रेषेत, वेगाने घराकडे निघतो. टिपलर तासन्‌तास उंच राहतो. गिरेबाज, म्हणजेच रोलर, मात्र घराच्या वरच घुटमळतो, रोज त्याच आभाळात, आणि मध्येच थव्यातून सुटून खाली येतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम आणि शेजारच्या ब्लॅक कंट्रीतल्या कामगारांनी घडवलेला बर्मिंगहॅम रोलर घ्या. चांगला पक्षी मागे इतक्या भराभर कोलांट्या घेतो की पंख-शेपूट वेगळी दिसतच नाहीत, चेंडू पडावा तसा तो १०-२० फूट खाली येतो, झटक्यात सावरतो आणि पुन्हा थव्यात जाऊन मिसळतो. आपल्याला वेड लावणारा क्षण हाच. ससाण्याला मात्र त्याच क्षणी थव्यापासून तुटलेला, तोल गेलेला, जायबंदी वाटणारा पक्षी दिसतो. दाट थव्यात घुसायला तोही कचरतो, एकटा पडलेला पक्षी त्याला हवाच असतो. म्हणजे ज्याची कोलांटी खोल आणि देखणी, तोच आधी जाण्याची भीती. वर्षानुवर्षं निवडून तयार केलेला वाण एका हिवाळ्यात हातचा जातो, तो असा.

आपल्या आभाळात कोण आहे

ढाबळ उघडण्याआधी निदान दोन आठवडे रोज थोडा वेळ गच्चीवर उभं राहून एक वही भरा. कोणता शिकारी पक्षी दिसला, किती वाजता, कोणत्या दिशेने आला, काय करत होता, एवढंच लिहायचं. साधी दुर्बीण असली तर उत्तम. या दोन आठवड्यांची वही कोणत्याही उस्तादाच्या सल्ल्यापेक्षा जास्त सांगते.

सर्वांत जास्त दिसेल ती घार, आणि तिच्यापासून सर्वांत कमी धोका. तिची शेपटी टोकाला दुभंगलेली असते आणि ती कलती करत घार सुस्तपणे घिरट्या घालते. तिचा मुख्य भर मेलेल्यावर आणि उकिरड्यावर. आजारी पिल्लू किंवा गच्चीवर पंख पसरून पडलेलं कबूतर ती उचलेलही, पण उडत्या निरोगी थव्याच्या वाट्याला ती सहसा जात नाही. खरी फसगत होते ती घारींमध्ये मिसळून फिरणाऱ्या बुटेड ईगलमुळे. हा छोटा गरुड हिवाळ्यात आपल्याकडे येतो, आकाराने साधारण घारीएवढा, आणि घारींच्याच घोळक्यात घिरट्या घालतो. त्याची शेपटी दुभंगलेली नसते, टोक सरळ असतं. समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना, पंख जिथे सुरू होतात तिथे, एकेक पांढरा ठिपका दिसतो. घारींकडे बघून निर्धास्त होण्याआधी प्रत्येकीची शेपटी बघायची सवय लावून घ्या.

मोरघार त्याहून मोठी आणि त्याहून जबर. डोंगरकडे, मोठी झाडं आणि खाणींच्या आसपास तिची जोडी असते, दोघं मिळून शिकार करतात आणि पारवा हे तिचं आवडतं खाद्य. सासवड-भोरकडे किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत ढाबळ असेल तर हिला गृहीत धरूनच चाला.

शिक्रा सगळीकडे. गाव, शहर, सोसायटीतलं गुलमोहराचं झाड, त्याला काहीही चालतं. पारव्यापेक्षा लहान, छातीवर आडव्या तांबूस रेघा, नराचा डोळा लाल. त्याचं पोट मुख्यतः सरडे, खारी आणि लहान पक्ष्यांवर भरतं. पूर्ण वाढलेला गिरेबाज त्याला जड जातो, पण मादी नरापेक्षा मोठी असते आणि छपरावर बसायला शिकणारे कोवळे पठ्ठे ती सहज पकडते. शिक्रा आभाळातून येत नाही. पानांत गुपचूप बसतो आणि भिंतीच्या, कठड्याच्या आडोशाने खालून येऊन झडप घालतो. इथे एक सावधगिरी. उन्हाळ्यात ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडणारा पावशा रंगाने आणि उडण्याच्या ढंगाने हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. लहान पक्षीही त्याला पाहून फसतात. त्याची चोच बघा. ती बाकदार नसेल तर तुमच्या कबुतरांना त्याच्याकडून काहीच भीती नाही. कोतवालही शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो, म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नका.

आता बहिरी ससाणा. टोकदार पंख, डोळ्याखाली काळी मिशी, आणि पंखांच्या छोट्या पण दमदार फटक्यांनी सरळ कापत जाणारी उड्डाणाची रेषा. याचीच आपल्याकडे कायम राहणारी जात म्हणजे शाहीन. त्याची छाती-पोट तांबूस, मुक्काम सह्याद्रीच्या कड्यांवर आणि अलीकडे शहरातल्या उंच इमारतींवरही. दुसरा बहिरी ससाणा हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि खाडीकाठ, उजनी-जायकवाडीसारखे जलाशय, शहरातले मोबाइलचे मनोरे अशा जागा धरतो. पाण्यावर बदकं आणि चिखलपक्षी उतरले की त्यांच्या मागोमाग हा आलाच. वरून सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या सुरापुढे आपल्या कबुतराजवळ एकच उपाय असतो, ऐन वेळी अंग मोडून वळणं. कॅलिफोर्नियात पारव्यांवर झालेला आणि २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेला एक अभ्यास इथे आठवतो. कमरेवर पांढरा पट्टा असलेले पारवे बहिरी ससाण्याच्या तावडीतून इतरांपेक्षा खूप जास्त प्रमाणात सुटत होते. वळताना तो पांढरा पट्टा ससाण्याची नजर चुकवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपल्याकडे पांढरा पक्षी आधी जातो असं सरसकट बोललं जातं. रंगाचा मामला तेवढा सोपा नाही, आणि रंग बघून थवा निवडण्यापेक्षा वेळ निवडणं जास्त हाती असतं.

वर्षाचं पंचांग

तास ठरवण्याआधी महिने ठरवा. महाराष्ट्रात सप्टेंबरअखेरपासून पाहुणे शिकारी उतरू लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. शाहीनचा विणीचा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल, म्हणजे पाहुणे इथे असतानाच घरच्या शाहीनच्या पिल्लांचीही भूक वाढलेली असते. शिक्र्याची वीण मार्च ते जून. हे तीन काळ एकावर एक ठेवून पाहिले तर वर्ष आपोआप उलगडतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत वाईट काळ. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, कबुतरं तरतरीत, आणि आपलाही हात शिवशिवतो. नेमक्या याच दिवसांत सर्वांत जास्त पक्षी जातात. वहीत बहिरी ससाण्याची नोंद आठवड्यातून एकदाही झाली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांत उलटेपर्यंत ढाबळ बंद ठेवा. संक्रांतीचं कारण वेगळं, पण तितकंच गंभीर. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो अजून छपरांवर आणि तारांवर लोंबताना दिसतो. ससाणा एक पक्षी नेतो, मांजाचं एक जाळं अख्ख्या थव्याचे पंख कापू शकतं. पतंगांचे दिवस संपल्यावरही आसपासच्या तारा-अँटेना एकदा नजरेखालून घाला आणि मगच दार उघडा.

फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये पाहुणे कमी होऊ लागतात. एप्रिल-मे गिरेबाजासाठी बरा काळ, फक्त उन्हाच्या आधी आटपायचं. विदर्भ-मराठवाड्यात तर सूर्योदयानंतर तासाभरात थवा खाली हवा. या दिवसांत शिक्र्याला मात्र पिल्लांसाठी सतत शिकार लागते, म्हणून कोवळ्या पठ्ठ्यांची काळजी घ्या.

उड्डाणाचा खरा मोसम मला वाटतो तो जून ते सप्टेंबरचा, आणि बरेच लोक तोच वाया घालवतात. पाहुणे गेलेले असतात, शाहीनची वीण संपलेली असते. मुंबई-कोकणात पावसाची झड असते हे खरं. तिथे उघडीप मिळेल तेवढीच. पण सोलापूर, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग, बीड, धाराशिव या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात याच महिन्यांत कितीतरी कोरड्या सकाळी मिळतात. ढगाळ, थंड, वारा बेताचा. रोलरला याहून चांगलं काय हवं? दोन पथ्यं पाळायची. सलग पाऊस पडून नुकताच उघडला असेल तर लगेच सोडू नका. शिकारी पक्षीही तेवढाच वेळ उपाशी बसलेला असतो आणि उघडीप मिळताच तो आधी पोटाच्या मागे लागतो. दुसरं पथ्य पिसांचं. याच महिन्यांत कबुतरं पर झाडतात. पंखाचे १० मोठे पर आतून बाहेर, एकामागून एक गळतात आणि नवे येतात. पक्षी हातात घेऊन पंख हळूच उलगडा. आतला एखादा पर अर्धा आलेला असेल तर चालेल. पण बाहेरच्या टोकाचे दोन-तीन पर गळालेले असतील, किंवा नव्या पराच्या मुळाशी अजून निळसर रक्ताची नळी दिसत असेल, तर तो पक्षी थव्याबरोबर पाठवू नका. त्याला ऐन वेळी वळता येणार नाही, आणि मघाशी म्हटलं तसं वळणं हाच तर त्याच्याजवळचा एकमेव उपाय.

या पंचांगाप्रमाणे जायचं तर जोड्याही त्याच बेताने लावाव्या लागतात. जानेवारीच्या शेवटी जोड्या लावल्या तर फेब्रुवारीत अंडी, १७ ते १९ दिवसांनी पिल्लं, आणि पुढे महिनाभरात ती दाणा टिपायला लागतात. म्हणजे एप्रिलमध्ये पठ्ठे छप्पर ओळखायला तयार. तेव्हा शिक्रा भुकेला असतो, म्हणून त्यांना मोकळं न बसवता छपरावर जाळीचा पिंजरा ठेवून त्यातून आजूबाजूचा परिसर दाखवा. पंखांत बळ येईपर्यंत जाळी काढू नका. जूनमध्ये ते थव्यात उडतील आणि पावसाळाभर मुरतील. ऑक्टोबरमध्ये पाहुणे येतील तेव्हा त्यांची गाठ कच्च्या पोरांशी पडणार नाही. ऑक्टोबरमध्ये पिल्लं काढून डिसेंबरमध्ये ती शिकवायला घेणं म्हणजे शिकाऱ्याला आयतं ताट वाढणं.

दिवसातली वेळ

मोठ्या गरुडांना आणि घारींना उंच जायला तापलेल्या हवेचा आधार लागतो. जमीन तापली की हवा वर सरकते आणि ते पंख न हलवता तिच्यावर चढतात. हिवाळ्यात साधारण नऊ-साडेनऊपर्यंत, उन्हाळ्यात त्याच्याही आधी हे सुरू होतं. म्हणून तुमच्या वहीत मोरघार आणि बुटेड ईगल जास्त असतील तर सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास तुमचा. त्यांनी आभाळ धरण्याआधी थवा खाली आणून दाणा टाकून मोकळं व्हायचं.

बहिरी ससाण्याचं याच्या उलट. त्याला तापलेल्या हवेची वाट बघावी लागत नाही. त्याचा जोर सकाळी लवकर आणि संध्याकाळी असतो. कोवळं ऊन तिरपं पडतं आणि तो सूर्याच्या बाजूने आला तर कबुतराला दिसतही नाही. पहाटे सोडण्याचा सल्ला ससाण्याच्या मुलखात पाळला तर थवा नेमका त्याच्या न्याहारीच्या वेळेला वर जातो. अशा ठिकाणी हिवाळ्यात उडवायचंच असेल तर साडेदहा ते बाराच्या दरम्यान सोडा. थंडीत त्या उन्हाचा कबुतरांना त्रास होत नाही. पण घरट्यात पिल्लं असलेली शाहीनची जोडी जवळपास असेल तर हाही हिशेब चालत नाही. ती दिवसभर शिकार आणते. तिथे एकच उपाय, पिल्लं उडून जाईपर्यंत दार बंद.

शिक्र्यासाठी तास शोधत बसण्यापेक्षा सोडण्याची आणि उतरण्याची पाच-पाच मिनिटं सांभाळा. थवा एकदा शंभर फुटांच्या वर गेला की शिक्रा त्याच्या मागे सहसा लागत नाही. त्याचा घाला दारातून बाहेर पडताना आणि छपरावर उतरल्यावर.

संध्याकाळची वेळ मी कोणत्याच शिकाऱ्यासाठी सुचवणार नाही. कारण हल्ला झाला आणि थवा फुटला तर उजेडात घर शोधायला कबुतरांना वेळच उरत नाही. ती कुठेतरी झाडावर, टाकीवर बसतात आणि रात्री घुबडाच्या किंवा मांजराच्या तावडीत सापडतात. सूर्यास्ताला निदान दोन तास बाकी असतील तरच सोडा. धुक्यात, धुरकट हवेत आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तर नाहीच.

आणि सर्वांत महत्त्वाचं: वेळ सापडली म्हणून तिला चिकटून बसू नका. शिकारी पक्षी अडाणी नसतो. रोज साडेदहाला एका ठिकाणी थवा वर येतो हे त्याला काही दिवसांत कळतं आणि तो दहा वाजताच समोरच्या मनोऱ्यावर येऊन बसतो. आज अकराला, परवा साडेदहाला, मध्ये दोन दिवस काहीच नाही, असा बेत ठेवा. दोन दिवस उडवलं की एक-दोन दिवस खाडा. कबुतरांना नेम लागतो म्हणून लोक घड्याळ सोडत नाहीत. पण कबुतरांचा नेम दाण्याच्या डब्याशी बांधता येतो, तासाशी बांधण्याची गरज नाही.

दार उघडण्याआधीची पंधरा मिनिटं

आभाळ वाचायला आपल्यापेक्षा तरबेज डोळे आजूबाजूला असतात. कावळे एखाद्या झाडाभोवती कर्कश ओरडत गोळा झाले असतील तर आत शिक्रा किंवा घुबड आहे असं समजा. खार एका जागी बसून शेपूट झटकत एकसारखी चिरकत असेल तरी तेच. समोरच्या इमारतीवरचे रानटी पारवे निवांत बसलेले, अंग साफ करत असतील तर चांगलं. ते अचानक सगळे एकदम उठले आणि मुठीत धरावेत इतके जवळजवळ येऊन उडू लागले तर ससाणा आत्ता, याच क्षणी हवेत आहे, तुम्हाला दिसो न दिसो.

तुमची स्वतःची कबुतरंही सांगतात. जाळीच्या पिंजऱ्यात त्यांना आधी दहा-पंधरा मिनिटं बसवा. सारी गडबड चालू असते, घुमणं, चोची मारणं, पंख झाडणं. आणि एकाएकी सगळं थांबतं. माना आखडतात, पिसं अंगाला चापून घट्ट बसतात, आणि प्रत्येक डोकं एका बाजूला कलतं, एक डोळा सरळ आभाळाकडे. त्या डोळ्याची रेषा धरून वर बघा. बराच वेळ काही दिसत नाही, मग निळ्यात एक बारीक काळा ठिपका सरकताना दिसतो. तो ठिपका नजरेआड होऊन कबुतरं पुन्हा घुमू लागली तरी त्या दिवशी सोडू नका.

सगळं ठीक असेल तर सगळी कबुतरं एकदम सोडा. चार आधी, चार मागून असं केलं तर मागची चार एकटी पडतात. थवाही फार लहान नको. पाच-सहा पक्ष्यांपेक्षा पंधरा-वीसांचा थवा जास्त घट्ट बांधला जातो. वर न जाता छपरावर रेंगाळणारा पक्षी आजारी असतो, लठ्ठ असतो किंवा जोडीच्या नादात असतो. पुढच्या खेपेला त्याला आतच ठेवा.

किती वेळ उडवायचं? रोलरच्या जागतिक स्पर्धेतही थव्याला २० मिनिटांतच परीक्षा द्यावी लागते. तेवढ्यात कळायचं ते सगळं कळतं. हिवाळ्यात वीस मिनिटांच्या वर एक मिनिटही नको. हे हातात ठेवायचं तर दाणा हातात हवा. उड्डाणाच्या दिवशी कबूतर उपाशीपोटी वर जाणार आणि खाली आलं की लगेच दाणा मिळणार, हे त्याला पक्कं ठाऊक पाहिजे. एका रोलरला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम दाणा पुरतो. ज्वारी, बाजरी, गव्हावर थवा हलका राहतो आणि डबा वाजताच उतरतो. हरभरा, मका, शेंगदाणे भरपूर दिलेला थवा तासभर उतरत नाही आणि तुम्ही खाली शीळ घालत राहता. सोबत लक्का जातीचा एक पांढरा पक्षी पाळा. थवा उतरवायच्या वेळी त्याला ढाबळीच्या फळीवर सोडला की वरून तो ठळक दिसतो आणि बाकीचे त्याच्याकडे येतात. उतरले की दोन मिनिटांत सगळे आत. छपरावर ऊन खात बसू देण्याचा काळ हा नव्हे.

जवळपास रानटी पारव्यांना दाणे टाकण्याची पद्धत असेल तर ती बंद करता येते का ते बघा. पारव्यांचा मोठा जमाव जिथे रोज जमतो तिथे शिकारी मुक्कामाला येतोच, आणि मग तुमची गच्ची त्याच्या वाटेवर पडते.

बंद ठेवलेल्या महिन्यांत

दार बंद म्हणजे थवा वाया गेला असं मानू नका. नर-माद्या वेगळ्या ठेवा, म्हणजे अवेळी अंडी घालत नाहीत. दाणा थोडा कमी करा आणि जव-ज्वारीचा वाटा वाढवा, म्हणजे चरबी चढत नाही. आठवड्यातून एकदा अंघोळीला पसरट भांड्यात पाणी आणि दिवसाचं थोडं ऊन मिळेल अशी जाळी एवढं दिलं की ते दार उघडेपर्यंत उत्तम राहतात. पुन्हा सुरुवात करताना घाई नको. पहिले काही दिवस नुसतं जाळीत बसवणं, मग पाच मिनिटांचं उड्डाण, मग दहा. महिनोन्‌महिने न उडालेला रोलर पहिल्याच दिवशी अंग आवरत नसताना कोलांटी घेतो आणि छपरावर आपटून जायबंदी होऊ शकतो.

शिकारी पक्ष्याचा बंदोबस्त करून मोकळं होऊ, असा विचार काहींच्या मनात येतो. गलोल, फासा, विष घातलेलं कबूतर, घरटं मोडणं, यांतलं काहीही करू नका. हे सारे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. अमेरिकेत २००७ साली ‘ऑपरेशन हाय रोलर’ नावाच्या सरकारी तपासात रोलर पाळणाऱ्या अनेकांवर बाज आणि ससाणे मारल्याबद्दल खटले भरले गेले, आणि त्या देशातल्या सबंध रोलरशौकाची मान खाली गेली. शिवाय एका जागेवरचा ससाणा मारला तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो. ज्या ससाण्याला पाहून कबूतर एवढं चपळ झालं, त्यालाच मारायचं आणि कबुतराच्या चपळाईवर प्रेम करायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त अकबराच्या वीस हजारांहून अधिक कबुतरांचा आणि त्यांच्या चर्ख-बाजीचा, म्हणजे हवेतल्या कोलांट्यांचा, हिशेब बारकाईने लिहून ठेवला आहे. त्याच दरबारात शिकारी बाजही तितक्याच मायेने पाळले जात. दोन्ही पक्ष्यांवर जीव लावता येतो.

हल्ला झालाच तर

थवा वर असताना ससाणा आला, तर ओरडू नका आणि डबा वाजवू नका. घाईने एकेकटी उतरू लागलेली कबुतरं त्याला सोपी जातात. थवा बहुतेक वेळा घट्ट होऊन वर चढतो किंवा फुटून दूर निघून जातो. त्यांना त्यांचं करू द्या. ढाबळीचं दार उघडं ठेवा, लक्का फळीवर ठेवा आणि गच्चीवरची माणसं कमी करा. काही कबुतरं तासाभरात येतील, काही संध्याकाळी, एखादं दुसऱ्या दिवशी. दोन दिवस पाणी-दाणा ठेवून वाट बघा. शिक्रा असेल तर उलट वागायचं. कबुतरं वर सुरक्षित आहेत, तुम्ही खाली त्याच्या झाडापर्यंत चालत जा, टाळ्या वाजवून त्याला उठवा, तो दूर गेल्याची खात्री झाली की मगच थवा उतरवा.

एखादं कबूतर गेलं तर दुसऱ्या दिवशी सोडू नका, कितीही मोकळं आभाळ दिसलं तरी. ससाण्याला जिथे शिकार मिळाली तिथे तो पुन्हा बघायला येतो, आणि बऱ्याचदा साधारण त्याच वेळी. निदान दहा दिवस बंद. त्या दहा दिवसांत वही पुन्हा सुरू करा. तो दिसायचा थांबला तर वेगळी वेळ धरून दहा मिनिटांनी सुरुवात करा. दिसतच राहिला तर मोसम संपला असं समजा.

जखमी होऊन परतलेल्या कबुतराला आधी अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा. धक्क्यानेच पुष्कळ मरतात. मग पाठ, मान आणि छातीवरची पिसं बाजूला करून नीट बघा, नखांची भोकं पिसांखाली दडलेली असतात. सलाइनच्या पाण्याने जखम धुवा. गळ्याखालची दाण्याची थैली फाटून प्यायलेलं पाणी बाहेर गळत असेल तर घरी टाके घालायच्या फंदात पडू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. अशा जखमा वरून लहान दिसल्या तरी आत सडतात. पक्षी बरा झाला तरी त्या मोसमात त्याला थव्याबरोबर पाठवू नका. पुढच्या जानेवारीत त्याची जोडी लावा. घाव खाऊन घरी परतलेल्या पक्ष्याची पिल्लं ढाबळीत ठेवण्यासारखी असतात.